बॅकटिक आणि रिद्धपूर

कीबोर्डवर अगदी डावीकडे वरच्या कोपऱ्यात, एकच्या आकड्याला लागून, एक कळ असते. तिच्यावर खाली एक बारीकशी तिरपी रेघ आणि वर एक नागमोडी रेघ काढलेली असते. माझ्या नात्यातल्या कोणी ती कळ आयुष्यात मुद्दाम दाबली असेल असं मला वाटत नाही. आत्याने टायपिंगच्या परीक्षा दिल्या, काकांनी कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं हिशेब लिहिले, पण ह्या कळेशी कोणाचं काम पडलं नाही. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या कीबोर्डवर मात्र ती घासून गुळगुळीत झालेली असते. तिला बॅकटिक म्हणतात. तिच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. नातेवाईक मंडळी "आता हा कॉम्प्युटरचं घेऊन बसला" म्हणून पान बंद करतील ह्या भीतीने टाळत होतो. पण थोडं थांबा. पुढे आपल्या रिद्धपूरला जायचं आहे.

आधी ही बॅकटिक करते काय ते सांगतो. एक प्रोग्रामर दुसऱ्याला अडचण लिहून विचारतो, तेव्हा त्याच्या एकाच वाक्यात दोन जातीचे शब्द असतात. काही त्याचे स्वतःचे ("मी असं असं केलं, मला वाटलं तसं होईल") आणि काही मशीनचे, म्हणजे प्रोग्राममध्ये जे लिहिलं ते किंवा मशीनने तोंडावर फेकलेली एरर. मशीनचे शब्द तो दोन बॅकटिकांच्या मध्ये ठेवतो. मग ते वाचणाऱ्याला वेगळ्या टायपात दिसतात. त्या टायपात प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं, जुन्या टाइपरायटरसारखं, आणि मागे बहुतेक वेळा फिकट करडा रंग असतो. खरा कोड रोमन अक्षरांत असतो, पण समजायला देवनागरीत लिहायचं तर असं: `प्रिंट` लिहिलं तर चालतं, `प्रिन्ट` लिहिलं तर चालत नाही. ह्या दोन खुणांचा अर्थ इतकाच की इथून इथपर्यंतचं माझं नाही, जसं होतं तसं उचलून ठेवलंय, काना-मात्रा बदललेली नाही.

म्हणजे ही सजावट नव्हे. आमच्या धंद्याबाहेरच्या लोकांना ती सजावट वाटते, आणि खरं सांगायचं तर धंद्यातल्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटतं. पण ह्या खुणा नसल्या तर काय होतं बघा. ज्या पद्धतीने आम्ही हे लिहितो तिला मार्कडाउन म्हणतात. २००४ साली जॉन ग्रुबर नावाच्या माणसाने ती काढली, अॅरन स्वार्ट्झ ह्या तरुण मुलाची त्यात मदत होती. लोक साध्या ईमेलमध्ये जोर देण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकतच होते. ग्रुबरने तीच सवय उचलली आणि नियम केले. आता कोणी गुणाकार लिहायला `अ*ब*क` असं लिहिलं आणि बॅकटिक टाकायची विसरला, तर दोन्ही चांदण्या गायब होतात आणि मधला `ब` तिरपा होऊन उभा राहतो. गुणाकार गेला! वाचणारा म्हणणार, ह्याला साधा गुणाकार लिहिता येत नाही. पायथन नावाच्या भाषेत तर ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. खुणा न करता ते पाठवलं की मोकळी जागा वाटेत सांडते आणि पलीकडे पोचेपर्यंत चांगला प्रोग्राम मोडलेला असतो. कोनाच्या कंसात लिहिलेले शब्द तर पुष्कळदा दिसतच नाहीत.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. तो अकोल्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची, पोरगं हुशार. आमचे फोनवरचे संवाद साधारण असे असतात.

"मामा, कोड चालून नाही राह्यला."

"काय म्हणतो?"

"एरर देऊन राह्यला."

"कोणती एरर?"

"लाल अक्षरात आहे न."

मग तो मोबाईलवर फोटो पाठवतो. लॅपटॉपच्या पडद्याचा, तिरपा, त्यात ट्यूबलाइट चमकतेय, एका कोपऱ्यात त्याचा अंगठा, आणि ती लाल ओळ उजवीकडे निम्मी कापलेली. बरोबर त्या निम्म्यातच मला हवा असलेला शब्द.

ह्यावर हसणारे पुष्कळ आहेत. आमच्या धंद्यातल्या सीनियर लोकांचा तर फोटोवर फार राग. "फोटो पाठवू नकोस" असं तुटक लिहून गप्प बसतात, का पाठवू नये ते कोणी सांगत नाही. मला तो फोटो वाईट वाटत नाही. त्या पोराला कळलंय की इथे आपले शब्द चालणार नाहीत, मशीन जे म्हणालं तेच दाखवलं पाहिजे. आपण उतरवून घेताना चुकू, म्हणून तो सरळ फोटो काढतो. भावना बरोबर आहे, साधन चुकलंय. फोटोतला प्रोग्राम मला चालवून बघता येत नाही, त्यातला शब्द उचलून शोधायला त्रास होतो, आणि पुन्हा मीच टाइप केला तर चूक माझी की त्याची हे कळायला मार्ग नाही.

ह्याच पोराला वाटतं की आपल्याला उत्तर मिळत नाही कारण आपलं इंग्रजी कच्चं. वऱ्हाडातून आलेल्या बहुतेक पोरांना असंच वाटतं. अमरावतीहून, अकोल्याहून, परतवाड्याहून पुण्याला आलेली, पहिल्या नोकरीत भेदरलेली पोरं मी गेली काही वर्षं बघतोय. ती इंग्रजी वाक्य दहादा खोडतात, सुरुवातीला चार ओळी नमस्कार-चमत्कार लिहितात, शेवटी माफी मागतात, आणि मधे मुद्द्याच्या जागी लिहितात, "प्रोग्राम चालत नाही, कृपया मदत करा." ते वाचणारा माणूस बिचारा दुसऱ्या कुठल्यातरी देशात, आपलं काम आटोपून, फुकट मदत करायला बसलेला असतो. तो काय करणार? उलट दोन ओळींचं मोडकंतोडकं इंग्रजी आणि खाली नीट खुणा करून ठेवलेला कोड आणि पूर्ण एरर, अशा प्रश्नांना पटापट उत्तरं मिळालेली मी पाहिली आहेत. इंग्रजी मोडकं चालतं, एरर मोडकी चालत नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि त्यापायी एखादं चांगलं पोरगं "आपल्याला हे जमणार नाही" असं मनाशी ठरवून बसतं, हे मला खरंच सलतं.

तसं पाहिलं तर ही एकट्या प्रोग्रामिंगची गोष्ट नाही. डॉक्टर विचारतो, कोणती गोळी चालू आहे? आणि आपण सांगतो, "ती पांढरी, बारीक, सकाळची." गोळीच्या पाकिटावर नाव छापलेलं असतं. पण ते आपण वाचत नाही, कारण ते आपल्याला आपलं वाटत नाही. औषधाचं नाव हे मशीनच्या शब्दासारखंच आहे. ते आपल्या शब्दांत सांगून चालत नाही.

आता कोणी म्हणेल की मराठी माणसाला ही सवयच नाही, आपल्याकडे लिहिण्यात अशा खुणा कुठे होत्या? बरोबर आहे, खुणा नव्हत्या. जुन्या पोथ्या पाहिल्या असतील त्यांना माहीत आहे. ओळभर अक्षरं एकमेकांना खेटून, शब्दांमध्ये जागा नाही, फार तर उभे दंड. मोडीत तर शब्द तोडतच नाहीत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं ही सगळी इंग्रजांबरोबर आलेली मंडळी. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी ह्या गोऱ्या साहेबाने ती मराठीत रुजवली. दुसऱ्याचे शब्द दाखवायला आपण जे दोन स्वल्पविराम टांगतो ते दोनशे वर्षांचेही नाहीत. (पोथीत चूक झाली तर मात्र तिच्यावर हरताळ नावाचं पिवळं द्रव्य फासायचे आणि वर नवीन लिहायचे. 'तत्त्वांना हरताळ फासला' मधला हरताळ तो हा. म्हणजे खोडायची खूण होती, पण उद्धृत करायची नव्हती. आपल्या स्वभावाबद्दल काही सांगणारं आहे का हे, देव जाणे.)

पण खूण नव्हती म्हणून ती जाणीव नव्हती असं नाही. बोलण्यातला आपला 'म्हणे' घ्या. "तो नागपूरला गेला म्हणे." ह्या एका शब्दाने मी सांगून टाकलं की ही माहिती माझी नाही, ऐकलेली आहे, उद्या खोटी निघाली तर मला धरू नका. माझी आजी वाक्यागणिक 'म्हने' लावायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. आता वाटतं, घरात दुसऱ्याचं आणि स्वतःचं इतकं काटेकोर वेगळं ठेवणारी ती एकटीच होती.

आणि ही जाणीव मराठी गद्यात सगळ्यात आधी जिथे दिसते ते गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य म्हणजे भटोबास आणि बाकी मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आली. तिथे तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. हे आपण शाळेत 'मराठीतला आद्य गद्य ग्रंथ' म्हणून पाठ केलेलं आहे आणि तिथेच सोडून दिलेलं आहे. मीही शाळेतून निघालो तो पुढे वीस वर्षांनी, मार्कडाउन आणि बॅकटिक अंगवळणी पडल्यावर, पुन्हा त्याकडे वळलो, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे काम मी ओळखतो.

म्हाइंभटांनी केलं काय? स्वामींच्या आठवणी ज्या ज्या माणसांकडे होत्या त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, लिहून घेतलं आणि भटोबासांकडून तपासून घेतलं. प्रत्येक लीळा छोटी. कुठे होते, कोण होतं, काय घडलं, कोणी काय विचारलं, आणि मग स्वामी काय म्हणाले. स्वामींचं बोलणं सुरू होतं तिथे दरवेळी तोच ठरलेला शब्दप्रयोग येतो. अवतरणचिन्ह नाही, वेगळा टाइप नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की इथपर्यंत म्हाइंभट आणि इथून पुढे सर्वज्ञ. (नात्यातल्या महानुभाव मंडळींनी राग मानू नये, पण आमच्याकडे एखादी अडचण लिहून पाठवताना नेमकं हेच सांगावं लागतं: कुठे, काय केलं, काय झालं, मशीन काय म्हणालं.)

ह्याच्यापुढची पायरी केशोबासांची, म्हणजे केशिराजबासांची. त्यांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचनं तेवढी वेचून बाजूला काढली. तो सूत्रपाठ. आजूबाजूची गोष्ट काढून टाकली, फक्त शब्द ठेवले. आता जे वचन एका विशिष्ट वेळी, एका विशिष्ट माणसाला उद्देशून म्हटलेलं, ते सुटं केलं की संदर्भ हरवतो. महानुभावांना हेही लक्षात आलं, आणि कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगातलं हे सांगणारे प्रकरणवश नावाचे ग्रंथ पुढे तयार झाले. आमच्याकडे फक्त तीन ओळी कोड पाठवला की लगेच प्रश्न येतो, "हा कुठला आहे? आधीचं दाखव." तोच पेच, तीच तोड.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा दृष्टांतपाठ. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी तीन थरांची आहे. आधी सूत्र, ते चक्रधरांचं. मग दृष्टांत म्हणजे छोटी गोष्ट, तीही चक्रधरांची. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा सूत्राशी मेळ घालून दाखवणारं स्पष्टीकरण, ते केशोबासांचं स्वतःचं. तिन्ही थरांना वेगळी नावं आहेत. केशोबासांना स्वतःचं बोलायचं होतं, आणि ते बोललेही, पण आपलं बोलणं स्वामींच्या तोंडी घातलं नाही. त्याला वेगळं नाव देऊन वेगळ्या खणात ठेवलं. सातशे वर्षांपूर्वी, शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडणाऱ्या लिपीत! ह्याला फॉरमॅटिंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आणखी एक. म्हाइंभटांची मूळ प्रत पुढे परचक्रात गेली असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. आता चार जणांच्या आठवणी म्हटल्या की चार तऱ्हा होणारच. त्यांनी काय केलं, तर त्यातल्या एकीला खरी ठरवून बाकीच्या फेकल्या नाहीत. हिराइसा पाठ असा, दुसऱ्याचा पाठ असा, असं नावानिशी नोंदवून ठेवलं. असल्या पाठभेदांना त्यांच्याकडे 'वासना' म्हणतात, किती सुंदर शब्द आहे. आपल्याच वऱ्हाडातल्या नरवेलच्या वि. भि. कोलत्यांनी पुढे ह्या पोथ्या जमवून, ताडून पाहून लीळाचरित्र संपादित केलं (ते १९७८ साली छापलं गेलं), तेव्हा सातशे वर्षांपूर्वीच्या ह्या प्रामाणिक नोंदींचा त्यांना केवढा आधार वाटला असेल!

ह्याच पंथाने नंतर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्याही काढल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं. त्यामुळे ही पोथ्यांतली संपत्ती बाहेरच्यांना शतकानुशतकं दिसलीच नाही, विसाव्या शतकात राजवाड्यांनी उकल केली तेव्हा कुठे ती मोकळी झाली. तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन. मराठी भाषा विद्यापीठ आता रिद्धपूरलाच झालंय. तिथल्या कोणी विद्यार्थ्याने ह्या मांडणीच्या अंगाने पोथ्या बघाव्यात असं फार वाटतं. अमरावतीहून तासाभराच्या वाटेवर आहे हो. आपण मात्र मुलांना चिखलदरा दाखवून परत येतो.

आता परत कीबोर्डकडे. मराठीतून प्रोग्रामिंगबद्दल लिहायला लागलं की एक मजेशीर अडचण येते, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला कळणारच नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. `प्रिंट`ला, `प्रिंट`ने, `प्रिंट`मध्ये. बॅकटिक ह्या बाबतीत समजूतदार आहे, ती शब्दाच्या पोटात कुठेही बंद होते. पण अधोरेखेने शब्द तिरपा करू पाहाल आणि मागे 'ला' चिकटलेला असेल तर होत नाही. ठळक करायचा शब्द अवतरणात असेल, बाहेर दोन-दोन चांदण्या आणि त्यांना लागून प्रत्यय, तर शब्द ठळक होत नाही आणि चांदण्या तशाच लोंबत राहतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शब्दानंतर मोकळी जागा सोडणाऱ्या भाषा होत्या. चिनी आणि जपानी लोक ह्याबद्दल तक्रार करत असतात. आपण करत नाही, कारण आपण मराठीत हे लिहीतच नाही!

ह्याहून अवघड सामान्यरूप. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्दच वाकतो. घोडा, घोड्याला. आमच्या ऑफिसातला एक अमरावतीकर मित्र बिनदिक्कत "डेट्यात बघ" म्हणतो आणि ते कानाला अगदी गोड लागतं. बोलताना ठीक. पण प्रोग्राममधल्या एखाद्या गोष्टीचं नावच `डेटा` असेल तर लिहिताना `डेट्या`त लिहून चालेल का? नाही, कारण `डेट्या` नावाचं तिथे काहीच नाही. तिथे मराठीने आपला स्वभाव आवरून `डेटा`मध्ये असंच म्हटलं पाहिजे. बॅकटिकच्या आत मराठी व्याकरणाची सत्ता चालत नाही, बाहेर पडताक्षणी चालू होते. पुण्याच्या बसमध्ये बसून मी असल्या गोष्टींचा विचार करतो, काय करणार. :)

आता थोडं भांडण. ह्याच खुणांचा भलताच वापरही चालतो. आमच्यातले काही लोक साध्या नावांनाही बॅकटिक लावतात, कंपनीच्या नावाला, भाषेच्या नावाला, ज्यावर जोर द्यायचा त्या कुठल्याही शब्दाला. दिसायला तांत्रिक दिसतं म्हणून. मग खऱ्या कोडची खूण पुसट होते. आणि ठळक अक्षरांचं तर विचारूच नका. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवर चांदण्या टाकून ठळक करता यायला लागलं आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कोणाचंही साधं वाक्य उरलं नाही. सगळंच ठळक. लग्नाची तारीखही ठळक, "सर्वांनी वेळेवर यावे"ही ठळक, आणि पत्ता नेमका बारीक अक्षरात शेवटी. काकांनो, रागावू नका, पण सगळंच ओरडून सांगितलं की कोणाला काही ऐकू येत नाही.

फॉरवर्डमध्ये तर ह्याच्या उलट रोग. तिथे कोणाचे शब्द कुठे संपतात ह्याचा पत्ताच नाही. डॉक्टरचं एक वाक्य, त्यात पाठवणाऱ्याची दोन, मधल्या कोणीतरी घातलेलं एक, आणि खाली एखाद्या मोठ्या माणसाचं नाव. माझी आजी निदान 'म्हने' तरी म्हणायची.

आणि हल्ली यंत्रंच उत्तरं देतात. भाचाही आता आधी त्यांना विचारतो, मला नंतर. उत्तरं येतात ती काय सजून! मथळे, ठळक शब्द, मुद्द्यांपुढे टिंबं, आणि कोड नीट करड्या चौकटीत. मी स्वतः रोज वापरतो, उपयोग होतो, नाकारत नाही. पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. करडी चौकट म्हणजे आमच्याकडे एक शब्द दिल्यासारखं होतं: हे मी चालवून पाहिलंय, किंवा जिथे पाहिलं तिथून जसंच्या तसं उचललंय. यंत्र मात्र कधी कधी अस्तित्वातच नसलेलं नाव तितक्याच रुबाबात त्या चौकटीत बसवून देतं. परवा भाच्याने असंच एक नाव घेऊन दोन तास डोकं आपटलं. मी म्हटलं, बाबा, हे कुठे नाहीच. तो म्हणाला, "पण मामा, चौकटीत होतं न." ह्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. दिसण्यावरून खरं मानायला त्याला आमच्याच धंद्याने शिकवलंय.

तर सध्या आमचं असं ठरलंय. त्याने मला विचारायचं ते लिहूनच विचारायचं, मराठीत किंवा वऱ्हाडीत चालेल. स्वतःचं बोलणं वर, मशीनचं बोलणं बॅकटिकांच्या आत, पूर्ण, काटछाट न करता. यंत्राने सांगितलेलं असेल तर तेही वेगळं ठेवायचं आणि वर लिहायचं, 'म्हणे'. हा शेवटचा नियम त्यानेच काढला. गंमत म्हणजे तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर त्याला लिहिता लिहिताच सापडतं आणि निरोप येतो, "राहू दे मामा, दिसलं." कॉलेजात पहिल्या वर्षी सी भाषा शिकवायच्या आधी एक तास ह्यावर दिला तर कोणाचं काय बिघडेल? अमरावती-अकोल्याकडच्या कॉलेजांत शिकवणारे दोन-तीन जण हे वाचतात हे मला माहीत आहे. त्यांनी मनावर घ्यावं.

आणि मराठीतून लिहिणाऱ्यांना एक प्रश्न. प्रत्यय तुम्ही बॅकटिकला चिकटवून लिहिता की मधे जागा सोडता? `प्रिंट`ला की `प्रिंट` ला? मी चिकटवतो. भाचा जागा सोडतो, म्हणतो वाचायला सोपं जातं. दोन्ही पाठ नोंदवून ठेवतोय.